पंखा तर फिरतोय!

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या पंख्यावर लेख लिहावा, हे पाहून आमच्या महाविद्यालयातील काही मंडळी भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. भुजंगप्रयातात एखादा गण चुकला तर माझ्या कानाला तो लगेच टोचतो. पण मोटारीत काही चुकले तर वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला ते कळत नसे, आणि कळावे अशी इच्छाही नव्हती. गाडी चालते ती मेस्त्रीच्या कृपेने आणि बंद पडते ती आपल्या नशिबाने, एवढेच माझे यंत्रशास्त्र. त्यात पहिली भर पडली ती पसरणीच्या घाटात, २०२४ च्या मे महिन्यात, दुपारी सव्वाबारा वाजता.

गाडी कागदोपत्री माझी असली तरी घरात तिला अजून 'भाऊकाकांची गाडी' असेच म्हणतात. १९८२ सालची मर्सिडीज-बेंझ ३०० डी. पाच सिलिंडरांचे डिझेल इंजिन, अठ्ठ्याऐंशी अश्वशक्ती, आणि वजन दीड टनाच्या आसपास. म्हणजे धावण्यापेक्षा चालण्याकडे ओढा अधिक. जाणकार तिला 'डब्ल्यू १२३' म्हणतात. १९७६ ते १९८६ या काळात या घराण्याच्या जवळजवळ सत्तावीस लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे मर्सिडीजचे नाव घरोघर पोचले ते मात्र मालमोटारींमुळे. १९५४ ते १९६९ या पंधरा वर्षांत टाटांच्या ट्रकच्या तोंडावर तो तीन टोकांचा तारा असे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. भाऊकाका साताऱ्यास वकिली करीत. दिल्लीतील एका वकिलातीने काढलेली ही गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीतून त्यांनी घेतली. (वकिलाने वकिलातीची गाडी घ्यावी, हा विनोद ते स्वतःच दर आठवड्याला करीत.) सुकाणू डाव्या बाजूला. त्यामुळे चालकाच्या नेहमीच्या जागी, म्हणजे उजवीकडे, बसायची ती काकू. टोलनाक्यावरची पोरे पैसे तिच्याकडे मागतात आणि तिच्या हातात सुकाणू नाही हे पाहून दचकतात.

भाऊकाका २०१९ साली गेले. त्यांना मूलबाळ नव्हते, गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर दर पाच वर्षांचे नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि "ही विकणार कधी?" हा सौभाग्यवतींचा प्रश्नही आला.

काकूने लग्नापूर्वी आणि नंतरही काही वर्षे पाचगणीच्या एका शाळेत शिकवले. त्या वेळच्या चौघी शिक्षिका दर मे महिन्यात पाचगणीला एका दिवसासाठी जमत. भाऊकाका होते तोवर तेच तिला याच गाडीतून नेत. ते गेल्यावर हा नेम मोडला होता. त्या वर्षी काकूने एकाएकी म्हटले, "अरे, यंदा नेतोस का मला? आता तिघीच उरलोत." मी म्हटले, "नेतो."

पाचवडला हमरस्ता सोडून आम्ही वाईला वळलो तोवर सारे ठीक होते. वाईच्या बाजारात सुट्टीची गर्दी. दहा मिनिटांत शंभर पावले, अशी आमची चाल. तेथेच उष्णतेचा काटा ऐंशी सोडून वर सरकू लागला. मी तिकडे पाहिले आणि दुर्लक्ष केले. गर्दी सरली, गाडीने जरा वेग घेतला, काटा खाली आला. मला वाटले, आटोपले. मग घाट लागला. पुढे पर्यटकांची एक मिनीबस, मागे एस.टी., दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललेली रांग. काटा शंभरापुढे गेला. मी वातानुकूलन बंद केले. कोणीतरी कधीतरी सांगितलेले आठवून, भर उन्हात हीटर पूर्ण सोडला, कारण हीटरही इंजिनातली उष्णताच बाहेर टाकतो. काकूच्या कपाळावरून घाम वाहू लागला; ती काही बोलली नाही. हॅरिसन्स फॉलीच्या दोन वळणे अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि मी गाडी कडेला घेतली.

एक शहाणपण तेवढे केले: टाकीचे झाकण उघडले नाही. दाबाखालचे पाणी झाकण निघताच उसळून तोंडावर येते, हे ठाऊक होते म्हणून नव्हे. झाकणाला हातच लावण्याइतके ते थंड नव्हते म्हणून. दीड तास आम्ही झाडाखाली बसलो. पाचगणी डोक्यावर दिसत होती. अखेर काकूनेच फोन करून मैत्रिणींना कळवले, "तुम्ही जेवून घ्या." त्या तिघींपैकी एक त्याच पावसाळ्यात वारली.

साताऱ्याला गाडी टेंपोला बांधून आणली. नेहमीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "सर, हेड गेलं. दीड-दोन लाखांचं काम हाय. त्यापेक्षा भंगारात चांगला भाव येईल बघा." मी भीतभीत विचारले, "पंखा वगैरे बिघडला असेल का?" त्याने इंजिन चालू केले, बोट दाखवले आणि म्हणाला, "पंखा तर फिरतोय की!"

फिरत होता. मीही पाहिला. इतक्या सरळ साक्षीपुढे माझ्यासारख्याने काय बोलावे?

घरी काकूला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "हेड म्हणजे काय ते मला नाही कळत. पण ही पूर्वी घाटात घुरघुरायची. रोज सकाळी सुरू केली की आधी मिनिटभर घुरघुरायची, मग शांत व्हायची. हल्ली मुकी झालीय." मला वाटले, म्हाताऱ्या माणसांना जुने आवाज आठवतात, त्यातलाच हा प्रकार. वाचकहो, सारे निदान त्या तीन वाक्यांत होते. ते मला समजायला दोन महिने लागले.

समजावून सांगणारे भेटले ते एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सारे त्यांना वस्ताद म्हणतात. मीही तेच म्हणेन. उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. ती तरुणपणी एका ट्रकच्या पंख्याने नेली, त्यामुळे पंखा हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न केला तो इंजिनाविषयी नव्हे. "सर, तापली कुठं? पळताना का रखडताना?"

मी बाजार, मोकळा रस्ता आणि घाट, तिन्ही सांगितले. वस्ताद म्हणाले, "मग पाणी थंड करायला वारा कमी पडतोय. पळताना वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानं ओढावा लागतो." मोकळ्या रस्त्यावर वेगातही गाडी तापली असती, तर संशय रेडिएटरच्या आतल्या गाळावर किंवा पाण्याच्या पंपावर गेला असता. रखडताना तापते आणि पळताना निवते, ही खूण पंख्याकडे बोट दाखवते.

तरी त्यांनी घाई केली नाही. आधी हेडची बाजू पाहिली. इंजिनतेलात पाणी उतरून त्याचा चहासारखा रंग झाला आहे का. थंड इंजिन सुरू करताच पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का. गाडी तापायच्या आतच वरची रबरी नळी फुगून टणक होते का. तिन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही'. "हेड शाबूत आहे," ते म्हणाले, आणि माझे दोन लाख रुपये, जे माझ्याकडे नव्हतेच, ते वाचले.

पुढे थर्मोस्टॅट उघडला, तर आतला झडपेचा डबाच गायब! दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या गॅरेजवाल्याने 'अडथळा नको' म्हणून तो काढून टाकला होता. हा आपल्याकडचा सर्वमान्य इलाज आहे. या इंजिनात मात्र तो उलटा पडतो. त्या झडपेला दोन कामे असतात: पाणी ऐंशी अंशांना तापले की रेडिएटरची वाट उघडायची आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात फिरणारी जवळची वाट बंद करायची. झडपच काढली, की जवळची वाट कायमची उघडी राहते आणि बरेचसे पाणी रेडिएटरचे तोंडही न पाहता परत फिरते. नवी झडप बसवली. गाडी सुधारली, पण बरी झाली नाही. पोवई नाक्यावर दहा मिनिटे अडकलो की काटा पुन्हा चढणीला लागे. मग वस्ताद म्हणाले, "आता पंखा."

येथे थोडे थांबून या पंख्याची जात सांगितली पाहिजे. अँबेसिडरसारख्या जुन्या गाडीत पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीला सरळ आवळलेला असे. इंजिन जितके फिरेल, तितका पंखा फिरणार. पण हे महागात पडते. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. गाडी हमरस्त्यावर पळत असते, वारा आपोआप लागत असतो, आणि हा बिनकामाचा पंखा गर्जना करीत डिझेल खात असतो. म्हणून पुली आणि पंखा यांच्यामध्ये एक क्लच बसवला गेला. तो पायाने दाबायच्या क्लचसारखा नव्हे. याच्यात एकमेकींना न टेकणाऱ्या दोन चकत्या असतात. दोहोंवर वर्तुळाकार खोबणी, एकीची कड दुसरीच्या खोबणीत, मध्ये केसाएवढी फट.

एकात एक ठेवलेल्या दोन थाळ्या घ्या आणि मध्ये काकवी ओता. खालची फिरवली की वरची तिच्यामागे ओढली जाते. चिकटून नव्हे, काकवीच्या ओढीने. काकवी काढून घ्या. खालची थाळी गरगरेल, वरची जेमतेम हलेल. क्लचमध्ये काकवीच्या जागी सिलिकॉनचे दाट तेल असते. काकवी तापली की पातळ होते. साधे तेलही होते. सिलिकॉनच्या तेलाचा दाटपणा त्या मानाने फारच कमी बदलतो, म्हणून त्याची निवड. (आमचे परिभाषाकार या गुणाला 'श्यानता' म्हणतात. मी हा शब्द वस्तादांपुढे एकदा उच्चारला. ते म्हणाले, "कोणाचं शहाणपण?" तेव्हापासून मी 'दाटपणा'च म्हणतो.) या सिलिकॉनांवर विसाव्या शतकाच्या आरंभी पहिले मोठे संशोधन केले ते नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने, आणि तीन तपे त्यात घालवल्यावर त्यालाच या क्षेत्रातून लवकर काही मोठे निघेल अशी आशा वाटत नव्हती. पुढे दहा वर्षांच्या आत त्याचे कारखाने उभे राहिले. संशोधकांनी आपल्याच विषयाचे भविष्य सांगू नये, असे मला आमच्या विभागातील चर्चासत्रे ऐकतानाही वाटते.

असो. क्लचच्या तोंडावर, रेडिएटरच्या समोर, दोन धातूंची एक पट्टी असते. काही गाड्यांत ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ही पट्टी वाकते, आतली झडप उघडते, साठ्याच्या कप्प्यातले तेल चकत्यांमध्ये येते आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की पट्टी सरळ होते, तेल परत साठ्यात ढकलले जाते, पंखा सैल पडतो. पट्टी पाण्याची उष्णता ओळखत नाही, हवेची ओळखते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे बसून हवाच येईनाशी झाली, तर चांगला क्लचही झोपून राहील. आता काकूचे वाक्य आठवा. रात्रभर उभ्या गाडीत साठ्यातले काही तेल ओघळून चकत्यांमध्ये उतरते. म्हणून निरोगी क्लच सकाळी पहिले मिनिटभर पंखा जोरात ओढतो, घुरघुरतो, आणि तेल परत गेले की शांत होतो. घाटात तापल्यावर पुन्हा घुरघुरतो. तेल गळून गेले की दोन्ही आवाज बंद. पंखा मात्र दिसायला फिरतच राहतो! बेअरिंगच्या घर्षणाने आणि उरल्यासुरल्या थेंबांच्या ओढीने तो फिरतो, पण वारा ओढत नाही.

वस्तादांनी इंजिन बंद करून, थंड असताना, पंख्याच्या पात्याला टिचकी मारली. पंखा सहा-सात गिरक्या घेऊन थांबला. "बघितलं? याला लाज वाटायला पाहिजे," ते म्हणाले. चांगला क्लच हाताला काकवीसारखा जड लागतो. टिचकीने अर्धापाऊण फेरा, फार तर एक. मग गाडी चांगली तापवून, बंद करून, किल्ली खिशात ठेवून तीच परीक्षा. तापल्यावर तो आणखी जड लागायला हवा होता. आमचा तसाच गरगरला. नंतर त्यांनी विजेरी मारून क्लचचा मधला भाग दाखवला. बेअरिंगच्या भोवती काळपट, चिकट धुळीचा थर, मध्यापासून बाहेर किरणांसारखा फाकलेला. वर्षानुवर्षे पाझरलेले तेल ते तेथेच होते. शेवटी पात्याचे टोक धरून पुढे-मागे हलवले. किंचित हालचाल सर्वांतच असते. टोकाशी पाव इंचाच्या वर झोला असला तर बेअरिंग झिजले, आणि तो पंखा कधी पुढे सरकून रेडिएटर फाडील याचा भरवसा नाही. आमचा झोला तेवढा नव्हता. येथे एक सावधगिरी: पुलीही हलवून पाहावी. ती हलत असेल तर दोष पाण्याच्या पंपाचा, आणि माणूस उगाच क्लच बदलत बसतो.

याच्या उलट दुखणेही असते. आतले तेल सुकून किंवा बेअरिंग जाम होऊन क्लच कायमचा धरून बसतो. मग गाडी तापत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. फक्त ती विमानासारखी ओरडते, चढाला दमते आणि डिझेल जास्त खाते. अशा गाडीचा मालक वर्षानुवर्षे सुखी असतो.

वस्तादांचा हाताखालचा पोऱ्या मोबाइलवर काहीबाही पाहून आला होता. त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि म्हणाला, "चालू गाडीत ही पंख्यात धरायची. पंखा थांबला तर क्लच गेला." ही परीक्षा पुष्कळ लोक करतात आणि तिच्यात तथ्यही आहे. वस्तादांनी काही न बोलता आपली अर्धी तर्जनी त्याच्या नाकासमोर धरली. पोऱ्याने वर्तमानपत्र उलगडून वाचायला घेतले.

इलाज दोन-तीन सुचले. क्लचला आरपार बोल्ट मारून पंखा पुलीशी पक्का करावा, असे पहिल्या गॅरेजवाल्याचे मत. तो पन्नास रुपयांत झाला असता. वस्तादांनी नकार दिला. हा पंखा प्लॅस्टिकचा आणि चाळीस वर्षांचा. इंजिनाच्या पूर्ण वेगाने सतत फिरवला तर पाते तुटून गोळीसारखे सुटते, आणि पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. दुसरा मार्ग तेल पुन्हा भरण्याचा. काही जपानी गाड्यांच्या क्लचचे स्क्रू काढून झाकण उघडता येते. टोयोटा तर त्यासाठी सिलिकॉन तेलाच्या लहान नळ्या विकते. आमचा जर्मन क्लच उघडण्यासाठी बनवलेलाच नव्हता. नवा घेणे भाग होते.

मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथे एका दुकानात, माळ्यावरच्या धुळीतून, जुन्या साठ्यातला एक नवाकोरा क्लच निघाला. मी विजयी मुद्रेने साताऱ्यास परतलो. वस्तादांनी खोके हातात घेतले, पुठ्ठ्यावरचा तेलकट डाग पाहिला आणि आतली वस्तू न पाहताच म्हणाले, "परत करा." हा क्लच गाडीत जसा उभा असतो तसाच साठवावा लागतो. आडवा, तोंडावर ठेवला की आतले तेल हळूहळू पट्टीच्या बाजूने पाझरून जाते. हा बिचारा किती वर्षे पालथा पडला होता कोण जाणे. काढून हाताने फिरवला, जुन्याइतकाच हलका. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, त्या बदल्यात गाळणी आणि पट्टे दिले. ते मला आयुष्यभर पुरतील. दुसरा क्लच जर्मनीहून मागवला. तो यायला हिवाळा उजाडला. तो येईपर्यंत मी पोस्टमनला रोज "उभा आणा हं" असे सांगत असे.

बसवण्याचे काम एका सकाळीचे. बॅटरीची तार सोडली. रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या बाजूने, पुठ्ठा सरकवला. त्या जाळीला पान्याचे टोक लागले तरी भोक पडते. माझ्या गाडीत क्लच पुलीला चार लहान बोल्टांनी धरलेला आहे. दहाचा पाना लागतो. इतर गाड्यांत रीत निराळी असते. पुष्कळ जुन्या बीएमडब्ल्यूंत मध्ये एकच बत्तीसचा मोठा नट असतो आणि त्याचे आटे उलटे असतात; सैल करायला तो घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस घाम गाळून तो नट आणखी घट्ट करीत बसतो. आमच्या चार बोल्टांसाठी वस्तादांनी पट्टा जागेवरच राहू दिला, म्हणजे जोर लावताना पुली फिरत नाही. नवशिके आधी पट्टा काढतात आणि मग पुली धरायला तिसरा हात शोधतात. क्लच आणि पंखा एकत्र बाहेर आले. पंखा त्यांनी उन्हात धरून पात्यांच्या मुळाशी बारीक तडे आहेत का ते पाहिले. नव्हते. नवा क्लच मी हाताने फिरवला. तो जड होता, काकवी होती. पंखा त्यावर चढवला, बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले, पुन्हा जागेवर लावला.

"आता श्राउड द्या," वस्ताद म्हणाले.

श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचे काळ्या प्लॅस्टिकचे कडे. पंखा त्याच्या तोंडात साधारण अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. ते नसले तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत राहतो. थर्मोस्टॅटबरोबर त्या गॅरेजवाल्याने तेही काढले होते. "काढलं तेव्हा तुमच्या डिकीत टाकलेलं," असे तो फोनवर म्हणाला. डिकीत नव्हते. माळ्यावर नव्हते. अखेर संध्याकाळी मी काकूकडे गेलो आणि अंगणात पाहतो तो तिच्या झेंडूच्या रोपांभोवती, कोंबड्यांपासून संरक्षण म्हणून, जर्मन अक्षरे असलेले एक काळे कडे रोवलेले! "डिकीत पडलं होतं, मला वाटलं भाऊंचंच काहीतरी," काकू म्हणाली. झेंडू उघडा पडला. कडे धुऊन बसवले.

मग वस्तादांनी रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावून वारा अडवला, इंजिन जरा चढ्या वेगावर ठेवले आणि मला काट्यासमोर बसवले. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. मी ओरडायच्या बेतात होतो. पंचाण्णवच्या अलीकडे, एकाएकी, बॉनेटखालून गुऱ्हाळाचे चरक फिरू लागावेत तसा घोष सुरू झाला. पुठ्ठा बाजूला काढला. काटा थांबला, आणि हळूहळू मागे आला. घोष आपोआप विरला. वस्तादांनी हात पुसले. मजुरी इतकी थोडी सांगितली की मला लाज वाटली. अधिक दिली तर त्यांनी घेतली नाही, मात्र ते निकामी गाळणी-पट्टे घेऊन गेले.

२०२५ च्या मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो. आता दोघीच उरल्या होत्या, काकू धरून. वाईला तीच गर्दी, तोच खोळंबा. गणपतीच्या घाटाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग. काटा चढला, घोष उठला, काटा उतरला. रस्त्यावरचा एक कलिंगडवाला "साहेब, गाडी तापली!" म्हणून ओरडला. मी त्याला हात हलवला. घाटात पुढे ट्रक होता आणि ओलांडायला जागा नव्हती. मागच्या वर्षीचे ते झाड आले. माझे हात सुकाणूवर इतके घट्ट होते की बोटे पांढरी पडली. काटा नव्वदीच्या पलीकडे गेला आणि खालून तो आवाज आला, चांगला मोठा, खोलीभर घुमावा तसा.

"काकू, ऐकलंस? घुरघुरतेय!" मी म्हटले.

उत्तर आले नाही. मी उजवीकडे पाहिले. काकू खिडकीला डोके टेकून, तोंड किंचित उघडे, गाढ झोपली होती. पाचगणीच्या फाटकापाशी मी तिला हलवले, तेव्हा ती म्हणाली, "आलं एवढ्यात?" आणि पिशवीतून मैत्रिणीसाठी आणलेले कंदी पेढे नीट आहेत ना, ते आधी पाहिले.